खिडकीतून येणारं गार वारं: आधी फट शोधा, मग पट्टी आणा

खिडकी बंद आहे, कडी नीट लागलीय, पडदाही ओढलेला आहे. तरी रात्री खिडकीकडचा एकच कान गार पडतो. चाचपून बघावं तर नेमकं काही हाती लागत नाही. मग आणखी एक पांघरूण घ्यायचं, हीटर थोडा वाढवायचा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. हे वारं अडवायला सुताराला बोलवावंच लागतं असं नाही. लागणारं सामान स्वस्त आहे आणि काम एका सुटीच्या दिवसात उरकतं. फक्त नवखा माणूस यात हमखास एक गोष्ट उलटी करतो: आधी दुकानात जातो, खिडकीकडे नंतर बघतो.

मीही तेच केलं होतं. दिसली ती सगळ्यात जाड फोमची पट्टी आणली आणि झडपेच्या चारही कडांना मोठ्या उत्साहाने चिकटवली. झडप लागेना. खांदा लावून दाबली आणि कशीबशी कडी बसवली, तर खालचा भाग घट्ट आणि वरचा कोपरा सुटलेला. आधी तिथून वारं येत नव्हतं, आता यायला लागलं. पुढे कळलं की ज्या वाऱ्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते झडपेतून येतच नव्हतं. ते चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून येत होतं आणि पडद्यामागून फिरून कानाशी पोचत होतं.

बारीक फटीने काय होणार, असं वाटत असेल तर एक हिशोब करून बघा. १ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकी धरा. तिच्या चारही कडा मिळून ४.४ मीटर होतात. सगळीकडे फक्त २ मिलिमीटरची फट असली, तर उघडी जागा ८८ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे भिंतीला साडेदहा सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडल्यासारखं. तसं भोक दिसलं असतं तर आपण त्याच दिवशी बुजवलं असतं.

वारं येतंय कुठून?

खिडकीपाशी गार लागण्याची कारणं चार. झडप आणि चौकट यांच्यातली फट, चौकट आणि भिंत यांच्यातली फट, काच आणि झडप यांच्यातली फट. आणि चौथं कारण म्हणजे फट नसणं. हे चौथं कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काच गार असली की तिला चिकटलेली खोलीतलीच हवा गार होते, जड होते आणि काचेवरून खाली घसरते. खिडकीखाली बसलेल्या माणसाच्या मानेवर, पायांवर ती वाऱ्यासारखी लागते. बाहेरचा एक कणही आत आलेला नसतो. तिथे कितीही पट्ट्या लावा, उपयोग शून्य. त्याचा इलाज वेगळा, तो पुढे येईल.

तपासणीसाठी बाहेर चांगलं गार आणि जरा वारं असलेला दिवस निवडा. घरातले पंखे बंद करा, बाकीच्या खिडक्या-दारं लावून घ्या. मग हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा चालू करा. तो घरातली हवा बाहेर काढतो, त्यामुळे घर जणू फटींतून श्वास घ्यायला लागतं आणि एरवी न कळणारी गळतीही कळते. मात्र घरात गॅसचा हीटर, गीझर, शेगडी असं काही पेटलेलं असेल तर ते आधी बंद करा. पंख्याच्या ओढीने त्याचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो.

आता एक उदबत्ती पेटवा. पडदा बांधून बाजूला करा, उदबत्तीचं टोक कडेपासून दोन बोटं लांब धरा आणि अगदी सावकाश फिरवत न्या. एका बाजूला निदान अर्धा मिनिट तरी द्या. हात स्थिर ठेवा, श्वासही त्या बाजूला सोडू नका. धुराची रेघ सरळ वर जात असेल तर तिथे काही नाही. ती एकदम खोलीच्या आत ढकलली गेली तर तिथे फट आहे. ती खिडकीकडे ओढली गेली तरीही फटच आहे, फक्त हवा आतून बाहेर चाललीय. उबदार हवा वर चढते, म्हणून उंच इमारतीत हिवाळ्यात खालच्या मजल्यांवर गार हवा आत शिरते आणि वरच्या मजल्यांवर ऊब बाहेर पडते. वरच्या मजल्यावर वारं लागत नाही, पण खोली तापतच नाही, याचं एक कारण हे असतं. आणि काचेच्या मध्यावर, कुठलीही कड जवळ नसताना, धूर खाली वळला तर समजा की हे चौथं कारण.

उदबत्तीचा वास चालत नसेल तर हात ओला करून त्याची मागची बाजू कडेजवळ फिरवा. ओल्या त्वचेला अगदी मंद झुळूकही कळते. पातळ टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी पेन्सिलीला चिकटवून तीही वापरता येते.

जिथे जिथे गळती सापडेल तिथे मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून खूण करा. स्मरणशक्तीवर सोडू नका. तिसऱ्या खिडकीपर्यंत पहिलीचं काहीही आठवत नाही.

झडपेसाठी आणखी एक चाचणी आहे. कागदाची पट्टी झडप आणि चौकट यांच्यामध्ये ठेवून खिडकी लावा आणि कागद ओढा. अडकून बसला तर दाब चांगला आहे. सुळकन निघून आला तर तिथे झडप टेकतच नाही. हे वीत-वीत अंतरावर करत गेलात, तर खिडकी वाकडी कुठे बसतेय याचा नकाशाच मिळतो.

पैसे न घालता जे होतं ते आधी

सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक बघा. धूळ, केस, मेलेले किडे यांचा थर साचलेला असतो आणि झडप त्याच्यावर चढून बसते. जुना टूथब्रश आणि ओलं फडकं घेऊन तो स्वच्छ करा. किती वेळा एवढ्यानेच झडप खाली बसते आणि वारं निम्मं होतं, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

सरकत्या खिडकीत आणखी एक गंमत असते. दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे त्यांच्या उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकायला हव्यात. झडपा चुकीच्या बाजूला सरकवून ठेवल्या, किंवा एक झडप बोटभर अलीकडे राहिली, तर ती अडकण जुळत नाही आणि मध्ये वरपासून खालपर्यंत उभी फट राहते. झडपा अदलाबदल करून, शेवटपर्यंत सरकवून, खटका लावून पुन्हा उदबत्ती फिरवा.

बिजागरीची खिडकी असेल तर स्क्रू आवळा. लाकडी चौकटीत स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालंय. स्क्रू काढा, गुल काढलेल्या दोन-तीन आगकाड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोका, बाहेर आलेली टोकं कापा, गोंद वाळू द्या आणि तोच स्क्रू पुन्हा बसवा. लोंबलेली झडप मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर येते, आणि बहुतेक वेळा फट तेवढीच असते.

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, नव्या धाटणीच्या खिडक्यांना झडपेच्या कडेवर छोटे गोल खुंट असतात. हँडल फिरवलं की ते चौकटीतल्या खाचेत जाऊन झडप ओढून धरतात. पुष्कळ खिडक्यांमध्ये हे खुंट मध्याच्या जरा बाजूला बसवलेले असतात. ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या किल्लीने, थोडे फिरवले की पकड वाढते. फिरवण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा आणि सगळे खुंट सारखेच फिरवा. हँडल लावायला जोर लागू लागला तर जास्त झालं, थोडं मागे घ्या.

झडपेच्या फटीला पट्टी

आता दुकान. पण जायच्या आधी फट मोजायची, आणि ती खिडकी बंद असताना मोजायची. फूटपट्टी आत जात नाही, मग कसं? लहान मुलांच्या खेळण्यातली मऊ माती घ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्या करा आणि प्रत्येक गोळी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, म्हणजे ती चिकटणार नाही. चौकटीवर जिथे झडप टेकते तिथे त्या चारही बाजूंना ठेवा. खिडकी नेहमीसारखी लावा, कडी घाला, उघडा. चपट्या झालेल्या मातीची जाडी म्हणजे तुमची फट. गोळ्यांची जाडी वेगवेगळी भरली तर दचकू नका. बिजागरीकडे १ मिलिमीटर आणि कडीकडे ४ मिलिमीटर, असं सर्रास असतं. त्यासाठी पट्ट्याही दोन जाडीच्या लागतील. माझ्या त्या पहिल्या फजितीचं कारण नेमकं हेच: चारही बाजूंना एकच जाडी.

पट्टीची जाडी फटीपेक्षा थोडीच जास्त हवी, म्हणजे ती दाबली जाऊन फट भरेल. दुप्पट जाड घेतली तर झडप लागणार नाही.

सगळ्यात स्वस्त असते ती फोमची पट्टी. तिच्यातही दोन जाती. चिमटीत दाबली की स्पंजासारखी सपाट होते आणि पाणी शोषते ती एक. तिच्यातून थोडी हवाही जाते. दुसरी जरा भरीव लागते, पाणी धरत नाही. घ्यायची तर दुसरी. तरीही फोम एक-दोन हिवाळ्यांत चपटा होतो किंवा त्याचा भुगा पडायला लागतो, हे धरून चाला. थोडे पैसे जास्त घालायची तयारी असेल तर ईपीडीएम रबराची पोकळ पट्टी घ्या. ती कितीतरी वर्षं टिकते. ती वेगवेगळ्या आकारांत मिळते आणि आकारांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत: बारीक फटींना, म्हणजे साधारण १ ते ३ मिलिमीटरला, ‘ई’, त्याहून मोठ्या, ५ मिलिमीटरपर्यंतच्या फटीला ‘पी’, आणि त्याहीपेक्षा मोठीला ‘डी’. पाकिटावर मिलिमीटर लिहिलेले असतात, ते तुमच्या मातीच्या गोळ्यांशी ताडून बघा.

सरकत्या खिडकीला यातलं काहीच चालत नाही. तिथे झडप दाबत नाही, घासते. फोम चार दिवसांत सोलून निघतो. तिला लागते केसाळ पट्टी. ॲल्युमिनियमचं काम करणारे तिला वूल पाइल म्हणतात. बहुतेक सरकत्या खिडक्यांत ती मुळातच असते, पण वर्षानुवर्षं घासून टक्कल पडलेली असते. जुनी पट्टी खाचेच्या टोकाकडून पक्कडने ओढून काढा, तिचा चार बोटं तुकडा नमुना म्हणून दुकानात न्या. पाठीची रुंदी आणि केसांची उंची, दोन्ही जुळायला हवं. नवी पट्टी त्याच खाचेत सरकवायची, ओढून ताणायची नाही. ताणलेली पट्टी नंतर आखडते आणि टोकाला उघडं पडतं.

चिकटवण्याच्या कामात निम्मं यश सफाईचं असतं. चौकट आधी साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या, मग स्पिरिटने पुसा. जुन्या पट्टीचा गोंद राहिला असेल तर तोही खरवडून काढा. सुमारे १० अंशांच्या खाली गार पडलेल्या चौकटीवर गोंद नीट धरत नाही, म्हणून हे काम दुपारी करा. पट्टीवरचा कागद एकदम सगळा सोलायचा नाही. वीतभर सोला, दाबा, मग पुढची वीत. कोपऱ्यात पट्टी वळवायची नाही, तिथे कापायची आणि दुसरी पट्टी तिला टेकवून लावायची, नाहीतर कोपऱ्यात गठ्ठा होतो आणि झडप तिथेच अडते. सगळं झाल्यावर कागदाची चाचणी पुन्हा करा.

चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा

इथली फट हलत नाही, म्हणून ती कायमची बुजवता येते. चौकट रंगवलेली असेल आणि भरलेल्या रेषेवर पुढे रंग द्यायचा असेल तर ॲक्रिलिक सीलंट घ्या. सीलंट म्हणजे फट भरायचा, नळीतून येणारा लगदा. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. बाहेरच्या बाजूने पावसाशी गाठ असेल तर सिलिकॉन बरं. त्याला लावताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, तो वाळल्यावर जातो.

फटीतली सुटलेली माती, गिलाव्याचे कण, जुनं फुगलेलं सीलंट कटरने काढून ब्रश मारा. जागा कोरडीठाक हवी. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. हे कंटाळवाणं वाटतं, पण नवख्या हाताची सरळ रेष त्यामुळेच येते. नळीचं टोक तिरपं कापा, आणि भोक फटीपेक्षा मोठं करू नका. नळी दाबणाऱ्या गनमध्ये ती बसवा आणि गन एकाच वेगाने ओढत न्या. पाच-दहा मिनिटांच्या आत साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच, न थांबता, रेषेवरून फिरवा आणि टेप लगेच, ओलं असतानाच, सोलून काढा. सिलिकॉन दिवसाला साधारण २-३ मिलिमीटर खोलीपर्यंतच पिकतं, तेव्हा दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

फट ६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर नुसतं सीलंट ओतू नका. ते आत कोसळतं आणि नळीच्या नळी रिकामी होते. आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा आणि वरून पातळ थर द्या.

एक गोष्ट मात्र बुजवायची नाही. ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसीच्या चौकटीला बाहेरून खालच्या बाजूस लहान लांबट भोकं असतात. ट्रॅकमध्ये शिरलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर जातं. तिथून वारं येतंय असं वाटून ती सिलिकॉनने बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्या जोराच्या पावसात पाणी ट्रॅकमध्ये साचतं आणि आत, भिंतीवर ओघळतं.

काच सैल असेल तर

काचेवर हलकेच टिचकी मारा. खडखड वाजली तर तिला धरणारी लांबी (म्हणजे पुटी) किंवा रबर गेलंय. लाकडी खिडकीतली जुनी लांबी तडकून गळून पडते. सुटलेले तुकडे काढून नवी भरायची, आणि रंग देण्याआधी तिच्यावर साय धरू द्यायची, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. खिडकी फार जुनी असेल तर तिच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, त्याची पूड श्वासात जाणं वाईट, लहान मुलांसाठी तर फारच. काचेला नुसती चीर असेल तर हिवाळ्यापुरती पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावून भागतं.

गार काचेला दुसरी काच

आता ते चौथं कारण. एकेरी काचेतून दर चौरस मीटरमागे, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला, सुमारे ५.७ वॅट उष्णता निसटते. मध्ये हवेचा थर असलेल्या साध्या दुहेरी काचेतून सुमारे २.८. आत २० अंश आणि बाहेर ५ अंश असताना एक चौरस मीटर एकेरी काच म्हणजे ८५ वॅटचा खड्डा. करामत दुसऱ्या काचेची कमी आणि मधल्या स्तब्ध हवेची जास्त. म्हणून दुसरी काच प्लास्टिकची असली तरी बरंच काम होतं.

त्यासाठी आखडणारी पारदर्शक फिल्म मिळते, सोबत दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप येते. हेअर ड्रायर बहुधा घरात असतोच. फिल्म काचेवर लावायची नाही, आतल्या बाजूने चौकटीवर लावायची, म्हणजे काच आणि फिल्म यांच्यात हवा राहील. १ ते २ सेंटिमीटर अंतर उत्तम. जास्त असलं तरी बिघडत नाही, फायदा मात्र तेवढ्यावरच थांबतो.

काच आणि चौकट आधी पूर्ण कोरडी करा. आत ओल राहिली तर हिवाळाभर धुक्यातून बाहेर बघावं लागेल. टेप चौकटीला सगळीकडून लावा आणि दाबा. रंग कच्चा असेल तर ती काढताना रंगासकट येते, तेव्हा आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघा. फिल्म प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. ती हवेत स्वतःलाच चिकटते, म्हणून दुसरा माणूस असलेला बरा. वरच्या कडेपासून सुरुवात करा, मग बाजू, शेवटी खालची कड. या टप्प्यावर फिल्म सुरकुतलेली आणि कुरूप दिसते. आपलं काहीतरी चुकलं, असं इथे प्रत्येकाला वाटतं. ड्रायर पूर्ण गरम करा, फिल्मपासून चार-पाच सेंटिमीटरवर धरा आणि एका कोपऱ्यापासून सतत हलवत राहा. सुरकुत्या डोळ्यांदेखत विरतात आणि फिल्म डफासारखी ताणली जाते. एकाच जागी ड्रायर थांबवलात तर भोक पडेल. जास्तीची फिल्म सगळं ताणून झाल्यावरच कापा.

मग वाऱ्याच्या दिवशी तिच्याकडे बघा. फिल्म फुगत-बसत असेल तर झडपेतून अजून वारं येतंय. फिल्मने ते झाकलंय, थांबवलेलं नाही.

पारदर्शकतेची पर्वा नसेल तर बबल रॅप आणखी स्वस्त. पार्सलमधून आलेला जपून ठेवला असेल तर फुकटच. काचेच्या मापाचा कापा, काचेवर पाणी फवारा आणि फुग्यांची बाजू काचेकडे करून दाबा. पाण्यानेच चिकटतो. खडबडीत नक्षीच्या काचेवर राहत नाही. बाथरूम, जिना, अडगळीची खोली अशा ठिकाणी ठीक. बैठकीच्या खोलीत लावल्यावर घरचे काय म्हणतील, ते तुमचं तुम्ही बघा.

पडद्याचं गणित

जाड अस्तराचा पडदा चांगला, पण वरची बाजू उघडी असेल तर तो उलटंच काम करतो. खोलीतली उबदार हवा वरून पडद्यामागे शिरते, काचेवर गार होते आणि खालून पायांवर येते. पडदा म्हणजे एक उलटी चिमणीच. वर पेल्मेट, म्हणजे दांडी झाकणारी पेटी, हवं. नसेल तर दांडीच्या वर, भिंतीपासून पडद्यापर्यंत, पुठ्ठ्याची पट्टी आडवी बसवली तरी चालतं. बाजूच्या कडा भिंतीला वेल्क्रोने धरून ठेवा. पडदा खाली कट्ट्याला किंवा जमिनीला टेकू द्या. मात्र हीटरवर कधीच नाही: एक तर आग लागेल, नाहीतर सगळी ऊब पडद्यामागे काचेला जाईल.

ज्या खिडकीतून ऊन येतं तिचे पडदे दिवसा पूर्ण उघडा आणि ऊन उतरलं की लगेच ओढा. उत्तर गोलार्धात हिवाळ्याचं ऊन दक्षिणेच्या खिडक्यांतून आत येतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या. हा हीटर फुकट आहे.

खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला कापडी नळी शिवता येते. जुन्या पँटचा पाय कापून त्यात वाळू आणि चिंध्या भरल्या की झालं. नुसत्या चिंध्या भरल्या तर ती हलकी होते आणि वारं तिला सरकवतं. ही तात्पुरती सोय आहे, पण पट्टी आणायला वेळ नसलेल्या पहिल्या रात्री तीच कामाला येते.

एवढं मात्र बंद करू नका

ज्या खोलीत गॅसचा हीटर, कोळशाची शेगडी किंवा लाकडाची चूल पेटते, ती खोली हवाबंद करणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. अशा घरात त्याचा अलार्म हवाच, आणि हवा यायला ठरवून ठेवलेली जाळी किंवा झरोका कधीही बुजवायचा नाही. आग लागल्यास बाहेर पडायला जी खिडकी वापरावी लागेल, तिच्यावर फिल्म लावू नका आणि तिची झडप सिलिकॉनने चिकटवू नका.

दुसरी अडचण ओलीची. फटी बुजल्या की स्वयंपाकाची, आंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ घरातच राहते आणि गार काचेवर, कोपऱ्यातल्या भिंतीवर पाणी होऊन बसते. मागोमाग काळी बुरशी. दिवसातून दोनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा आणि बंद करा. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं: हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार पडायला वेळ मिळत नाही. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिली तर काचा बहुधा कोरड्या राहतात. साधा आर्द्रतामापक ठेवला तर अंदाज करत बसावं लागत नाही. दुहेरी काचेच्या दोन काचांच्या *मध्ये* धुकं दिसलं, तर तिचं सील गेलंय. त्यावर घरगुती इलाज नाही, काचच बदलावी लागते.

भाड्याच्या घरात राहत असाल तर सिलिकॉनच्या वाटेला मालकांना विचारल्याशिवाय जाऊ नका. फिल्म, रबराच्या पट्ट्या, वाळूची नळी, बबल रॅप हे सगळं निघून येतं. मला एकच गोष्ट घ्यायला सांगितलीत, तर मी चांगल्या रबराची पट्टी घेईन आणि फिल्म पुढच्या वर्षावर टाकेन. पट्टी धुळीलाही अडवते आणि रस्त्याचा आवाजही थोडा कमी करते.

थंडी सरली की फिल्म काढताना टेपवर ड्रायर फिरवा, गोंद सैल होईल, आणि हळूहळू चौकटीला समांतर ओढा. आपल्याकडे झटका दिलात तर रंगाचा पापुद्रा निघेल. राहिलेला गोंद स्पिरिटने पुसा. पट्ट्या जागेवरच राहू द्या. आणि खिडकीनिहाय फटींची मापं, कुठल्या बाजूला कुठली पट्टी लावली ते, एका कागदावर लिहून त्या खिडकीच्या पेल्मेटच्या आत चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी मातीच्या गोळ्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.